झंझ राजा, पांडव की हेमाडपंत? रतनवाडीच्या अमृतेश्वराचं वय कसं काढायचं

तुम्ही विचारलंत त्याचा सारांश असा: नगर जिल्ह्यातल्या रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीत असलेल्या अमृतेश्वर मंदिराबद्दल तीन गोष्टी ऐकायला मिळतात. शिलाहार राजा झंझाने ते बांधलं, ते हेमाडपंती आहे आणि पांडवांनी ते एका रात्रीत उभारलं. तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, मग मानायचं काय? आणि सह्याद्रीतल्या रानात अशी जी आणखी मंदिरं आहेत त्यांच्याबद्दल स्वतः कसं ठरवायचं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मंदिर अकराव्या-बाराव्या शतकातलं आहे. हेमाडपंताशी त्याचा संबंध नाही. झंझाचं नाव एका खऱ्या ताम्रपटातून आलेलं आहे, पण त्या ताम्रपटात जे लिहिलेलं नाही तेही त्याच्या नावावर जमा झालं आहे. पांडवांची कथा काळ ठरवायला उपयोगाची नाही, तरी ती बाजूला टाकू नये. दंतकथेला ‘कधी’ असं विचारलं तर ती चुकीचं उत्तर देते. ‘इथे काय खटकत होतं, काय समजावून सांगायचं होतं’ असं विचारलं तर ती फार नेमकं बोलते. ‘कधी’ हा प्रश्न दगडाला विचारायचा.

झंझापासून सुरुवात करू. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा हा राजा दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. अरब प्रवासी अल मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौलला आला, तेव्हा तिथे झंझ राज्य करत होता असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यामुळे राजाच्या अस्तित्वाबद्दल शंका नाही. पुढे अनंतदेव शिलाहाराच्या खारेपाटण ताम्रपटात, शके १०१६ म्हणजे इसवी सन १०९४ मध्ये, पूर्वजांची वंशावळ देताना झंझाने शंभूची बारा मंदिरं स्वतःच्या नावाने बांधली असा श्लोक येतो. भाविकांना स्वर्गाच्या वाटेवरच्या पायऱ्याच जणू, अशी उपमाही त्यात आहे. श्लोक इथे संपतो. बारा नद्यांची उगमस्थानं त्यात नाहीत, गावांची नावं नाहीत, रतनवाडी नाही, हरिश्चंद्रगड नाही, कुकडेश्वर नाही. ‘बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं’ ही यादी नंतर जुळवली गेली. ती जुळली कारण घाटमाथ्यावर नद्यांच्या उगमाशी जुनी शिवमंदिरं खरोखर आहेत आणि ताम्रपटातला आकडा मोकळा पडला होता. शिवाय ताम्रपट म्हणतो ‘स्वतःच्या नावाने’, आणि यादीतल्या देवांची प्रचलित नावं अमृतेश्वर, हरिश्चंद्रेश्वर, नागेश्वर अशी आहेत. हा ताम्रपट झंझानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला आणि त्यात राजवंशाची स्तुती आहे, हेही विसरू नये.

आता मंदिराकडे या. अमृतेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे. ओळखायचं असं: चारही दिशांना मधोमध खालून वर जाणारा एकेक जाळीदार पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगा असतात. छोटा खांब आणि त्यावर छोटं शिखर अशी प्रत्येकाची रचना, म्हणून नाव कूटस्तंभ. वर जाताना त्या लहान होत जातात. आडवी एक रांग म्हणजे एक भूमी. या पद्धतीची तारीख पक्की असलेली दोन मोठी मंदिरं हाताशी ठेवावीत. एक मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर, परमार राजा उदयादित्याचं, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. दुसरं अंबरनाथचं शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. सिन्नरचं गोंदेश्वर यांच्याच कुळातलं. अमृतेश्वराची शिखराची घडण, भिंतींचे कोन, खांबांचे थर या गटाशी जुळतात. झंझाच्या काळातल्या मंदिराशी तुलना करावी तर तसं तारखेचं मंदिर घाटमाथ्यावर समोर ठेवायलाच नाही. तेव्हा मूळ देवस्थान आणखी जुनं असू शकेल, पण आज उभी असलेली वास्तू दहाव्या शतकात ढकलायला आधार उरत नाही.

हेमाडपंती या शब्दाने सर्वांत जास्त गोंधळ घातला आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि त्याच्या नंतर रामचंद्र यादवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख मंत्री. महादेवाचा काळ १२६१ ते १२७१, रामचंद्राचा त्यापुढे. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधी उभं राहिलं, तेही चुन्याशिवाय. म्हणजे ‘चुना न वापरता दगडावर दगड बसवला, म्हणून हेमाडपंती’ हा निकष काळ ठरवायला कुचकामी आहे. बिनचुन्याचं बांधकाम ही त्या साऱ्या काळाची सर्वसाधारण रीत होती. दगडाला खाच आणि कूस पाडून एकमेकांत बसवणं, काही ठिकाणी लोखंडी पट्टीने जोड आवळणं, आणि बाकी सगळं वरच्या वजनावर सोडणं. छतासाठी कमान नाही. चार तुळयांच्या चौकटीवर कोपऱ्यात तिरपे दगड टाकत भोक लहान करत न्यायचं आणि शेवटचा दगड वर ठेवायचा. मंडपात उभं राहून मान वर केली की एकात एक फिरवलेले चौकोन दिसतात ते हेच. हेमाद्रीच्या काळातली मंदिरं ओळखायची असतील तर चुना शोधू नका, भिंत पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरच्या भिंतीवरची मूर्तिशिल्पं विरळ होत जातात, थर साधे होतात, मूर्तींच्या जागी भौमितिक नक्षीच्या पट्ट्या येतात. भिंत शिल्पांनी भरलेली आणि शिखर भूमिज असेल, तर हेमाद्रीचं नाव मनातून काढून टाकलेलं बरं.

प्रत्यक्ष पाहणी करताना क्रम खालून वर ठेवा. बहुतेकजण आधी शिखराचा फोटो काढतात आणि तिथेच फसतात, कारण शिखर हाच मंदिराचा सर्वांत जास्त वेळा दुरुस्त झालेला भाग असतो. वीज, झाडांची मुळं, पाऊस, सगळं आधी वर येतं. जोत्याचे थर मात्र क्वचितच बदलले जातात. म्हणून जमिनीपासून सुरू करून पीठाचे, म्हणजे जोत्याचे थर मोजा, त्यांचे आकार वहीत रेखाटा. मग भिंतीचा मधला भाग, म्हणजे जंघा. त्यावरचा छज्जा. मग शिखर, त्याच्या माथ्यावरचं चकतीसारखं आमलक, कळस. कळसाला काळाचा पुरावा मानूच नका. गाभाऱ्यातली शाळुंका (लिंगाची बैठक) आणि बाहेरचा नंदी यांनाही नाही, दोन्ही सहज बदलता येतात. त्याउलट गाभाऱ्याची दारशाखा उत्तम साक्षीदार. चौकटीच्या उभ्या पट्ट्या किती आहेत, कोणावर वेलबुट्टी, कोणावर मनुष्याकृती, खाली द्वारपाल आणि नदीदेवता आहेत का, उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे का, ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर, कोण आहे, हे टिपा. खांबात चौकोनी तळ, मग अष्टकोन, मग गोल थर असा बदल कोणत्या उंचीवर होतो ते मोजा. खांबाच्या माथ्यावर तुळई पेलणाऱ्या बुटक्या आकृती म्हणजे कीचक. पाच मीटरची टेप आणि एक सोबती असला की गाभाऱ्याची आतली लांबी-रुंदी आणि भिंतीची जाडी तासाभरात मिळते. ही दोन मापं हाती असली की शेजारच्या मंदिराशी तुलना तोंडी राहत नाही.

लेख सापडला तर सर्वांत मोठी चूक म्हणजे तो ‘स्पष्ट दिसावा’ म्हणून त्यावर खडू, पीठ, हळद किंवा तेल चोळणं. दगडाच्या छिद्रांत ते बसतं, ओलावा धरतं, शेवाळ आणतं आणि अक्षराची कड झिजवतं. शिवाय चोळणारा ज्या रेघेला अक्षर समजतो तीच उठून दिसते, म्हणजे चुकीचं वाचन फोटोत कायमचं गोठतं. हात न लावता वाचायचा उपाय सोपा आहे. ऊन उतरल्यावर किंवा अंधारात, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, साधारण १० ते १५ अंशांवर टॉर्च धरा आणि कॅमेरा समोर स्थिर ठेवा. मग टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून अशी फिरवत चार वेगळे फोटो घ्या. उभी रेघ बाजूच्या प्रकाशात उठते, आडवी वरच्या. फोटोत एक मोजपट्टी राहू द्या.

आकड्यांच्या बाबतीत फार सावध राहावं लागतं. अंबरनाथच्या लेखातला पहिला आकडा आधी ७ वाचला गेला होता. शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे तो ९ आहे हे ठरलं आणि मंदिर एका फटक्यात दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. अशा वेळी संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं नाव मोठा आधार देतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. उदाहरण हरिश्चंद्रगडाशी जोडलेलंच घेऊ. चांगदेवांच्या ‘तत्त्वसार’ ग्रंथाच्या शेवटी हरिश्चंद्र पर्वताचा उल्लेख आहे आणि काळ दिला आहे शके १२३४, परिधावी संवत्सर. १२३४ अधिक १२ म्हणजे १२४६. त्याला ६० ने भागल्यावर बाकी ४६, आणि शेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच. जुळलं. हाच आकडा कोणी चुकून ११३४ वाचला असता तर बाकी ६ आली असती, म्हणजे अंगिरा, आणि चूक तिथेच पकडली गेली असती. शकाचा इसवी सन करताना ७८ मिळवायचे. तिथी १ जानेवारीपासून पुढची, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर ७९. एका वर्षाचा फरक राहिला तर घाबरू नका, काही लेखांत चालू शक दिलेला असतो आणि काहींत सरलेला.

लेखातला काळ मंदिराचाच असेल असंही नाही. तो दानाचा असू शकतो, जीर्णोद्धाराचा असू शकतो, किंवा दगडच दुसरीकडून आणून बसवलेला असू शकतो. क्रियापद शोधा. बांधलं, दिलं की दुरुस्त केलं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

हरिश्चंद्रगडाचा विषय निघालाच आहे तर तिथली दंतकथा पाहू, कारण दंतकथा कशी वाचावी याचा तो चांगला धडा आहे. केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्यात मोठं लिंग आहे. भोवती चार खांब होते, आज एक शाबूत आहे. सत्य, त्रेता, द्वापर ही तीन युगं संपली तसे तीन खांब गेले, उरलेला कलियुगाचा, तो पडला की जग बुडेल, असं सांगतात. या कथेने काळ सांगितलेला नाही. ‘तीन खांब मोडले तरी छत का पडत नाही’ या खऱ्या कोड्याला तिने उत्तर दिलं आहे, आणि कोडं अगदी अचूक टिपलं आहे. खरं उत्तर असं की ही गुहा बांधलेली नाही, कोरलेली आहे. कोरताना मधला दगड काढत गेले आणि खांबांपुरता ठेवला. छत म्हणजे अखंड कातळ, त्याचं वजन चारही बाजूंच्या डोंगरावर विसावलेलं आहे. बांधलेल्या मंडपात तीन खांब गेले असते तर तुळया केव्हाच खाली आल्या असत्या. म्हणून चौथ्याला धक्का लावून बघायची मुभा मिळते असं मात्र नाही. पाण्यात उभ्या दगडाला ओल आणि वाळण यांचा मार सतत बसत असतो.

चांगदेवांचंही तसंच. १४०० वर्षं जगलेले, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले चांगदेव कथेत आहेत. ग्रंथाच्या शेवटी शके १२३४ लिहिणारे चांगदेव इतिहासात आहेत, ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर, म्हणजे शके १२१८ नंतर, १६ वर्षांनी. कथेने गडाला तपस्व्याची जागा म्हणून ओळखलं, ग्रंथाने त्याला तारीख दिली. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली की भांडण उरत नाही.

अमृतेश्वराचं नाव आणि प्रवरेला मिळालेलं ‘अमृतवाहिनी’ हे नाव यांच्याभोवती समुद्रमंथनाची कथा विणलेली आहे. ही कथा नकाशासारखी उलगडून पाहा. प्रवरा रतनगडाच्या उतारावर उगम पावते. वाटेत अकोले गावी अगस्ती ऋषींचं स्थान. पुढे नेवाशाला मोहिनीराज, म्हणजे अमृत वाटताना विष्णूने घेतलेलं रूप. मुळेच्या काठी राहुरी, जिचं नाव लोक राहूशी जोडतात, आणि मुळा नेवाशाजवळ प्रवरेलाच मिळते. उगमापासून संगमापर्यंत एका खोऱ्यातली देवळं एका पुराणकथेने बांधून काढली आहेत. खोऱ्यातल्या लोकांना नदी एक एकक म्हणून किती स्पष्ट दिसत होती, याचा हा पुरावा आहे. रतनवाडीतली विष्णुतीर्थ पुष्करणी, तिच्या भिंतींतल्या देवकोष्ठांसह (मूर्ती ठेवायच्या कोनाड्यांसह), हेच सांगते की इथे देवळाइतकंच पाणी पूज्य होतं. पावसाळ्यात अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड बुडते. ते बांधकामातला दोष समजून कोणी गाभारा उचलायला किंवा तळ सिमेंटने बंद करायला सुचवलं तर विरोध करा. पाण्याला तळातून वाट मिळाली नाही की ते भिंतीत चढतं.

पुराणकथेच्या खाली आणखी एक थर असतो आणि तो सर्वांत लवकर पुसला जातो. या भागातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांचे देव, देवराया, सूर्यचंद्र कोरलेले वाघोबा, गडावरची रत्नाबाई. कळसूबाईची कथा घ्या. इंदोऱ्याला कामाला राहिलेली कोळ्याची मुलगी, झाडलोट आणि भांडी करणार नाही ही तिची अट, ती मोडली गेली म्हणून डोंगरावर निघून गेलेली. या कथेत कुठलाही पौराणिक राजा नाही, आहे ते गावातलं नातं आणि मान. अशा कथा विचारताना ‘हे पांडवांनी बांधलं ना?’ असा प्रश्न करू नका, समोरचा माणूस पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. ‘इथे कोणाचा नवस असतो, नारळ आधी कुठे फोडतात, यात्रा कोणत्या तिथीला, रानातलं लाकूड कुठून तोडत नाहीत’ असं विचारा. मंदिराच्या आधीचा देव बहुधा या उत्तरांत सापडतो. आणि ऐकलेलं तसंच्या तसं, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, त्यांची एक कथा करू नका.

आता पांडव. ‘एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं’ ही कथा सह्याद्रीत गावोगाव आहे, अंबरनाथलाही पांडवांचीच एक रात्र सांगतात. ऐकली की एकच प्रश्न विचारा: अर्धवट काय राहिलं? बोट जिकडे जाईल तिकडे जाऊन बघा. तिथे न कोरलेला ठोकळा असेल, पडलेलं शिखर असेल किंवा पूर्ण न झालेला मंडप. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे निरीक्षण असतं आणि अनेकदा अभ्यासकाच्या नजरेतून तेच सुटलेलं असतं.

‘एवढ्या घनदाट रानात मंदिर का बांधलं’ याबद्दल थोडं. तेव्हा ही आडबाजू नव्हती. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दाखवतो की कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटा दोन हजार वर्षांपूर्वी वाहत्या होत्या. उगमाचं पाणी, घाटवाट आणि तपस्व्यांची वस्ती एकत्र आली की देवालयाला दान मिळतं. रतनवाडी आज दूर वाटते याचं एक कारण भंडारदऱ्याचा जलाशय आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने खोऱ्यातून सरळ जाणारी जमीन पाण्याखाली घेतली. गोव्यातल्या तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर तर याचं आणखी ठळक उदाहरण. खाली जांभा दगडाचा मुलूख, आणि मंदिर घाटावरच्या काळ्या बेसाल्टचं. हा दगड वाहून आणणाऱ्यांना वाट होती. दगड जागच्या जागी काढला की बाहेरून आणला हे तपासायचं तर परिसरातल्या कातळावर रांगेने पाडलेल्या आयताकृती पाचरीच्या खाचा शोधा. दिसल्या तर खाण सापडली.

जुनी वाट शोधायला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, मदत करतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. सर्वांत खालच्या चौकटीत गुरं कोरलेली असतील तर लढाई गोधन सोडवण्याची होती. गधेगाळ सापडला तर दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी त्यावर चित्रात असते, वर लेख असण्याची शक्यता मोठी. हे दगड गोळा करून देवळासमोर ‘नीट’ मांडायचा उत्साह ठिकठिकाणी दिसतो. तो टाळा. खिंडीतला वीरगळ खिंडीतच काहीतरी सांगत असतो, देवळापुढच्या रांगेत तो मुका होतो. जागा बदलण्याआधीचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि दगडाचं तोंड कोणत्या दिशेला होतं हे तरी नोंदलेलं हवं.

अमृतेश्वर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लेखाचा कागदावर ठसा घ्यायचा असेल तरी पुरातत्त्व खात्याला आधी विचारावं लागतं. सांध्यातून उंबर किंवा पिंपळाचं रोप आलेलं दिसलं तर ओढून काढू नका. कोवळं मूळ दोन दगडांमधल्या पट्टीला वेढलेलं असतं आणि ओढलं की कडेचा कपचा सोबत येतो. रोपाचा फोटो, ते कोणत्या बाजूला आणि कितव्या थरात आहे एवढं लिहून खात्याच्या मंडळ कार्यालयाला पाठवा, पावसाळ्याच्या आधी.